दादा म्हणजे कोण?

टिटवाळ्याला जाऊन आले म्हटलं की पुण्यात एकच प्रश्न येतो, "गणपतीला?" डोंबिवली म्हटलं की तोही येत नाही. तिथे प्रत्येकाचा कोणी ना कोणी नातेवाईक असतो, आणि नातेवाइकाकडे जाण्याला प्रवास म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. मी मात्र ऑक्टोबरात तीन दिवस ठाणे, टिटवाळा आणि डोंबिवलीची खाडी एवढं फिरून आले, आणि ते लिहून काढल्याशिवाय मला चैन पडत नाहीये. गेले होते एक चूक शोधायला. ती माझीच निघाली, हे आधीच सांगून टाकते.

मी प्रयोगशाळेत काम करते. गेली वीस वर्षं एकाच प्रथिनाच्या मागे आहे, त्याचं नाव पार्किन. घरी कोणी विचारलं तर मी असं सांगते: शरीरातल्या प्रत्येक पेशीत शेकडो बारीक शेगड्या असतात. त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. आपली सगळी शक्ती त्यांच्यातून येते. शेगडी जुनी झाली की धूर करायला लागते. अशा बिघडलेल्या शेगडीवर पिंक नावाचं एक प्रथिन गोळा होतं आणि पार्किनला बोलावतं. पार्किन येऊन तिच्यावर खुणा चिकटवतं, आणि खूण बघून पेशी ती शेगडी मोडीत काढते. पार्किनच नीट बनत नसेल तर खूण होत नाही, शेगडी तशीच धुमसत राहते. याचा फटका पहिल्यांदा बसतो तो मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या पेशींना. मग म्हातारपणी होणारा कंपवात ऐन तिशीतच गाठतो.

टिटवाळ्याच्या वनिताला त्यानं असंच गाठलं होतं. ती आता छत्तीस वर्षांची आहे. वर्षभरापूर्वी तिच्या ठाण्याच्या डॉक्टरांनी तिचं रक्त आमच्याकडे पाठवलं, आणि कुटुंबाची माहिती मी फोनवर विचारून घेतली. आम्ही त्याचा एक नकाशा काढतो: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि ज्याला आजार त्याचा चौकोन किंवा गोल आतून काळा. घरात आणखी कोणाला होतं का, असं विचारल्यावर वनिता म्हणाली, "आमच्या दादांना असंच होतं." मी वडिलांचा चौकोन काळा केला. खाली व्यसनाचा रकाना होता. "प्यायचे, असं सगळे म्हणतात," ती म्हणाली. मी लिहिलं, दारू.

मग तिनं विचारलं, तिच्या मुलीला होईल का. हे सांगणं माझं काम नव्हतं, डॉक्टरांचं होतं. पण मला गप्प बसवत नाही, हा माझा जुना रोग. वडिलांकडून मुलीकडे सरळ उतरलेलं दिसतंय, तेव्हा निम्मी शक्यता धरून चला, असं मी सांगून मोकळी झाले.

आणि मग रिपोर्ट आला. त्यात वनिताच्या पार्किनच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या, म्हणजे आईकडून एक आणि वडिलांकडून एक. हा आजार असा येतो तेव्हा आईवडील सहसा धडधाकट असतात आणि भावंडांत तो निघतो. वडील स्वतः आजारी असणं अशक्य नाही, पण ते सहज पटण्यासारखंही नाही. आमचे सर दोन्ही कागद समोर ठेवून म्हणाले, एकतर नकाशा चुकलाय नाहीतर रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झालीये. जाऊन बघा, आईचा नमुना आणा, आणि खात्री होईपर्यंत तोंड उघडू नका. शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.

पहिला दिवस: ठाणे

टेंभी नाक्याजवळ माझी कॉलेजातली मैत्रीण सुनंदा राहते. नवरात्र नुकतंच संपलं होतं, आणि नाक्यावर मंडप उतरवण्याचं काम चाललं होतं. बांबू सुटत होते, झुंबरं गोणपाटात गुंडाळली जात होती. मंडप उभा असताना यायला हवं होतंस, आता काय बघायचं, असं सुनंदा तीन वेळा म्हणाली. मला मात्र उतरणारा मंडपच बघावासा वाटला. कुठला बांबू आधी सोडायचा, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. आमच्याकडे पुण्यात हे काम रात्रीत उरकतात आणि सकाळी रस्त्यात खिळे सापडतात.

सुनंदानं मिसळ खायला नेलं. ठाणेकरांना आपल्या मिसळीचा फार अभिमान आहे, आणि पुण्याचं माणूस समोर असलं की तो दुप्पट होतो. तर्री इतकी तिखट होती की माझ्या कानांतून वाफ निघायची बाकी राहिली. पुण्यातली मिसळ यापुढे गोडच लागणार, असं मी कबूल केलं. सुनंदाला तेवढं पुरलं.

दुपारी डॉक्टरांकडे गेले. बाई शांत होत्या. त्यांनी वनिताची फाइल पुढे सरकवली, त्यात मीच पाठवलेला नकाशा होता, माझ्याच अक्षरातला. वडील, काळा चौकोन. त्या म्हणाल्या, वनिता गोळ्यांनी बरी आहे, पण वर्षभरात मनानं खचलीये. स्वतःच्या दुखण्याचं काही विचारत नाही, फक्त मुलीचं विचारते. मी पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलं.

दुसरा दिवस: टिटवाळा

कल्याणला रेल्वेचे दोन रस्ते होतात, एक कसाऱ्याकडे आणि एक कर्जतकडे, हे मला शाळेपासून माहीत आहे. तरी मी व्यवस्थित चुकीच्या गाडीत बसले. दुपारची वेळ होती, डबा जवळजवळ रिकामा. समोर वाल सोलत बसलेल्या बाईला मी टिटवाळा कधी येईल विचारलं. ती वाल सोलता सोलताच म्हणाली, "ह्या गाडीला नाही येणार." विठ्ठलवाडीला उतरून उलटी आले.

टिटवाळ्यात स्टेशनबाहेर नव्या इमारतींच्या जाहिराती आहेत आणि त्यांच्या मागे खऱ्याच नव्या इमारती आहेत. मधल्या रिकाम्या जागांत अजून म्हशी चरतात. शेअर रिक्षात चौघांनी दाटीवाटीनं बसायचं, आणि चौथा मिळेपर्यंत रिक्षावाल्याशी गप्पा मारायच्या. पुण्यात रिक्षावाला आधी नाही म्हणतो आणि मग कुठे जायचंय ते विचारतो. इथे आधी बसवून घेतात.

वनिताचं घर चौथ्या मजल्यावर. नवरा नितीन साताऱ्याकडचा, कल्याणला दुकानात नोकरीला. त्याचं रक्त आम्ही आधीच तपासलं होतं, ते स्वच्छ होतं. मुलगी स्वरा दहा वर्षांची, बडबडी. मी मायटोकॉन्ड्रियावर काम करते म्हटल्यावर तो शब्द तिला सातवीत येणार आहे, असं तिनं मला बजावलं.

दुपारी वनिता मला जवळजवळ ठणठणीत वाटली. चहा केला, बिस्किटं मांडली, हसली. पाचनंतर तिचा डावा पाय आत वळायला लागला. सहापर्यंत ती भिंतीला धरून चालत होती, जीभही किंचित जड झाली होती. सकाळी उठते तेव्हा काही नसतं, दिवस चढतो तसं हे चढतं, नितीन म्हणाला. मी मान हलवली. झोपेनं उतरणारा आणि संध्याकाळी चढणारा, हा पार्किनच्या बिघाडाचा ओळखीचा स्वभाव आहे.

दिवेलागणीला वनितानं स्वराला हाक मारली. मुलगी आली आणि कोणी काही न सांगता हॉलच्या एका टोकाला उभी राहिली. मग लादीच्या सांध्यावरून, एका रेषेत, पलीकडच्या भिंतीपर्यंत चालत गेली आणि परत आली. वनिता खाली वाकून तिचे पाय बघत होती. परत आल्यावर मुलीनं दोन्ही हात पुढे धरले, बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "झालं, जा," वनिता म्हणाली.

मी विचारलं, हे काय.

"रोज बघते," ती म्हणाली. "तुम्ही निम्मी म्हणालात ना. मग कुठली निम्मी, ते मला पहिल्या दिवशीच कळायला हवं."

रात्री जेवायला बसलो तेव्हा मी भाकरीचे नुसते तुकडे करत राहिले. ताटात तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वांगं-बटाटा असं सगळं होतं, आणि सुकट मला आवडतेही. माझ्या पिशवीत तो रिपोर्ट होता. तो खरा असेल तर ही रोजची परीक्षा आजच बंद करता आली असती. पण नळ्या बदललेल्या असल्या तर? एकदा घाईनं बोलून मी या घरात हे उभं केलं होतं. दुसऱ्यांदा बोलायचं धाडस झालं नाही. त्या दिवशी मी खरंच तोंड उघडलं नाही.

तिसरा दिवस: डोंबिवली, खाडीकाठ

त्यांनी मला लॉज शोधू दिला नाही. सकाळी उठून बघते तर वनिता ओट्याशी उभी राहून भाकऱ्या थापत होती, पाय सरळ, हात सफाईदार. माहेरी जायचं म्हणून गजराही माळला होता. नितीन कामाला, स्वरा शाळेला गेली, आणि आम्ही दोघी निघालो.

डोंबिवलीला मी सुनंदाच्या काकांकडच्या बारशा-लग्नांना आलेली आहे. पण ती डोंबिवली म्हणजे नाटकांच्या जाहिराती आणि पोळी-भाजी केंद्रं. स्टेशनच्या पश्चिमेला रिक्षा पंधरा मिनिटं पळाली की इमारती विरळ होतात आणि एकदम वाऱ्याला खारट वास येतो. खाडी. ओहोटी होती. चिखल उघडा पडला होता, त्यावर निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या, आणि एक होडी चिखलातच कुशीवर झोपली होती. पलीकडे उंच टॉवर, अलीकडे वाळत घातलेले मासे. पुण्यात आम्ही नदीकडे पाठ करून घरं बांधली. इथल्या जुन्या घरांचे दरवाजे अजून पाण्याकडेच उघडतात.

वनिताची आई ओसरीवर मशेरी लावत बसली होती. सत्तरीच्या आसपासची, सडपातळ, आवाज खणखणीत. "बस बाय," म्हणाली आणि पाट सरकवला. मला तिची थुंकी हवी होती, एका नळीत, कारण हल्ली त्यातूनही आमचं काम होतं. पाहुणीसमोर थुंकायचं, तेही तिच्या बाटलीत, हे ऐकून ती इतकी हसली की तिला मशेरीचा ठसका लागला. आणि मशेरी लावलेली असल्यामुळे नमुना लगेच घेता येईना. चूळ भरून अर्धा तास थांबायचं, काही खायचं-प्यायचं नाही. मी घड्याळ लावलं. त्या अर्ध्या तासानंच सगळं केलं.

ओसरीच्या कोपऱ्यात एक जाळं टांगलेलं होतं. त्याला जागोजागी लाल चिंध्या बांधलेल्या. मला वाटलं नवसाचं काहीतरी असेल. म्हातारीनं सांगितलं, होडीत जाळं ओढताना भोक हाताला लागतं, पण वाळल्यावर ते शोधून सापडत नाही. म्हणून ज्याला भोक लागेल त्यानं तिथल्या तिथे चिंधी बांधायची. मग घरी बसून विणणारा चिंधी बघतो, फाटकं तेवढं कापतो आणि नवं विणतो. त्यांच्या घरात चिंध्या बांधायच्या पोरानं आणि विणायचं म्हाताऱ्यानं, अशी वाटणी होती.

"वडील शेवटपर्यंत विणायचे?" मी विचारलं.

"आबा ना? जायच्या आदल्या दिवशीपर्यंत," वनिता म्हणाली. "सुईत दोरा पण स्वतः ओवायचे."

मी दचकले. सुईत दोरा ओवणारा हात कंपवाताचा नसतो. "पण दादांना तर…" मी म्हणाले आणि आत भिंतीकडे बघितलं. हार घातलेले दोन फोटो होते. एक मिशीवाला म्हातारा. दुसरा तिशीतला, उभ्या चेहऱ्याचा, वनितासारख्याच भुवयांचा.

"दादा कोण?" मी विचारलं.

म्हातारीनं दुसऱ्या फोटोकडे बोट केलं. "यो आमचा जनार्दन. वनीचा दादा."

इथे माझ्या घरातली गोष्ट सांगायला हवी. आम्ही वडिलांना दादा म्हणतो. माझे काका त्यांना दादा म्हणायचे, म्हणून आम्हीही. आईला आम्ही वहिनी म्हणायचो, कारण काकू तशी हाक मारायच्या. शाळेत यावरून सगळे हसायचे. पन्नाशी उलटली तरी दादा म्हटलं की माझ्यासमोर खुर्चीत पेपर वाचणारे वडीलच येतात. वनितानं फोनवर "दादांना" असं म्हटलं, मानानं म्हटलं, कारण भाऊ तिच्याहून बारा वर्षांनी मोठा होता. आणि मी कोण दादा, हे न विचारता चौकोन काळा केला. वीस वर्षं ज्या प्रथिनाच्या बारीकसारीक चुका शोधते, त्याच्याच कामात ही चूक मी घातली.

अंगणात जाऊन सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, नळ्या बरोबर आहेत. डॉक्टरांना मी कळवतो. तुम्ही त्यांना आत्ता सांगा, आणि कोण चुकलं तेही सांगा. ते मला सांगायची गरज नव्हती, पण त्यांचं बरोबर होतं.

आत येऊन मी वनिताच्या समोर बसले. सांगितलं की आबांकडून एक आणि आईकडून एक, अशा दोन बिघडलेल्या प्रती जनार्दनला आणि तिला मिळाल्या. स्वराला तिच्याकडून एक बिघडलेली मिळाली आहे, पण नितीनकडून चांगली मिळाली आहे, आणि खुणा करायला एक चांगली पुरते. "निम्मीबिम्मी काही नाही. तुझ्याकडून हा आजार तिला येणार नाही. मी चुकीचं सांगितलं होतं. मी दादा म्हणजे वडील समजले."

मला वाटलं वनिता रडेल.

"वर्षभर, मॅडम," ती म्हणाली. "वर्षभर रोज चालवलं मी तिला."

मी माफी मागितली. ती ठीक आहे म्हणाली नाही, आणि म्हणावं असंही मला वाटलं नाही. उठून ती मागच्या दारी गेली. तिथून तिचा शाळेत फोन लावल्याचा आवाज आला. स्वराला कशाला बोलवायचं ते तिला नीट सांगता येईना, तेव्हा तिनं शिपाईबाईंना फक्त एवढंच सांगितलं की मुलीला म्हणावं आज संध्याकाळी खाली खेळायला जा.

मग म्हातारीनं तिच्याकडून पोरांना काय गेलं ते विचारलं. ती स्वतः आत्याच्याच घरात दिलेली. आतेभावाशी लग्न, तिच्या वेळी चांगलं स्थळ तेच. एकाच घरातला दोष दोन्ही वाटांनी आला असणार. पण दोष म्हणजे अपराध नव्हे, हे मी तिला तीन प्रकारे सांगितलं. शेगड्यांचं सांगितलं, पार्किनच्या खुणांचं सांगितलं. ती टांगलेल्या जाळ्याकडे बघत ऐकत होती.

"म्हंजी चिंदी बांदनाराच नाय," ती म्हणाली. "मंग फाटलेला कोनाला कलनार?"

वीस वर्षांत मला याहून बरं सांगता आलेलं नाही.

घड्याळ वाजलं. तिनं पदराआड नळीत थुंकी दिली, मी झाकण लावलं, चिठ्ठी चिकटवली. निघायला हवं होतं. पण तिनं मला हातानं थांबवलं आणि विचारलं, जनार्दनला हे होतं तर ते कसं दिसत असेल. वनिताला दिसतं तसंच, मी म्हणाले. त्याचं रक्त आपल्याकडे नाही, त्यामुळे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण सकाळी सरळ, आणि संध्याकाळी पाय वाकडा, चाल अडखळती, बोलणं जड.

ती उठून आत गेली आणि फोटोवरचा हार सरळ करून आली.

मग तिनं सांगितलं. जनार्दन सकाळी सगळ्यांच्या आधी होडीवर असायचा. सांज झाली की धक्क्यावरून झोकांड्या खात यायचा. गाव म्हणायचं, पोरगा प्याला. चिंधीची गाठ त्याच्या हातून सुटायला लागली तेव्हा आबाही तेच म्हणाले. जुळत आलेलं लग्न त्यावरून मोडलं. एका संध्याकाळी तो असाच आला, उंबऱ्याला अडखळून पडला, आणि तिनं त्याला जेवायला वाढलं नाही. आधी उतरू दे, म्हणाली. तो तसाच परत धक्क्याकडे गेला आणि घसरला. भरती होती.

"तोंडाला वास कधी नाय आला," ती म्हणाली. "एकदा पन नाय. आई हाय मी, मना कलला नसता? तरी गाव बोलला म्हनून मी पन बोलली."

वनिता दारात येऊन उभी होती. तिला हे जेवणाचं ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं आईच्या पाठीवर हात ठेवला. मला तिथे बसून रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मी पिशवीतून नकाशा काढला. आबांच्या काळ्या चौकोनावर फुली मारली आणि शेजारी कोरा काढला. त्यांच्या खाली, वनिताच्या गोलाच्या डाव्या अंगाला, नवा चौकोन काढून आतून काळा केला आणि खाली जनार्दन लिहिलं. म्हातारी वाकून बघत होती. तिला लिहिता-वाचता येत नाही. मी कुठे काय लिहिलं, हे तिनं बोट ठेवून एकेक विचारून घेतलं. बोट खालच्या रकान्यावर आलं.

"हितं काय हाय?"

मी सांगितलं. व्यसन. दारू.

"त्या खोड," ती म्हणाली.

मी खोडलं. तिचं बोट तिथेच होतं. मग मी खोडलेल्याच्या शेजारी लिहिलं, पीत नव्हता.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं, जरा मोठ्यानं, शेजारच्या ओसरीवर ऐकू जाईल असं.